रॅपिसच्या बेटाला वरून कात्री लावण्यापूर्वी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात पावसाळ्यापूर्वी अंगण आणि परसबाग कशी आवरून घ्यावी याविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले. टिपण एकंदरीने उपयोगाचे होते. कुंड्यांच्या बुडाची भोके मोकळी करावीत, शेणखत चाळून कोरड्यात ठेवावे, वेलींना आधार द्यावा, हे सगळे वेळेवर सांगितले गेले. परंतु त्यातच, पामची झुडपे अस्ताव्यस्त वाढली असतील तर ती मेंदीच्या कुंपणासारखी वरून एका उंचीला छाटून घ्यावीत आणि खालची पानेही काढून टाकावीत, असा सल्ला एका वाक्यात दिलेला होता. ते वाक्य वाचून स्वस्थ बसवले नाही, कारण दोन वर्षांपूर्वी माझ्या अंगणात नेमके हेच झाले आणि त्याची भरपाई अजून पुरती झालेली नाही. मृग निघाला की आमच्या परभणीत घरोघर माळीकाम सुरू होते. त्याआधी ही दुरुस्ती छापून यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

बोलणे कोणत्या पामविषयी चालले आहे ते आधी स्पष्ट करते, कारण रोपवाटिकेत 'पाम' या एका शब्दाखाली स्वभावाने अगदी वेगळी झाडे शेजारी शेजारी ठेवलेली असतात. अरेका पाम बुडातून फुटवे काढून बेट करतो, पण त्याचे पान नारळाच्या झावळीसारखे असते. टेबल पाम, चायनीज फॅन पाम आणि रस्त्यांच्या दुभाजकांत लावतात तो वॉशिंग्टोनिया यांचे पान आपल्या ताडासारखे पंख्याचे असते, पण खोड जन्मभर एकच राहते. पंख्याचे पान आणि बेट करण्याची सवय हे दोन्ही गुण एकत्र असलेले जे थोडे पाम घरगुती बागेत येतात, त्यांत आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो रॅपिस. बोटाएवढ्या जाडीच्या, बांबूसारखी पेरे असलेल्या आणि तपकिरी काथ्याच्या जाळीत गुंडाळलेल्या त्याच्या कांड्या असतात, आणि पानाच्या पाकळ्यांची टोके कात्रीने आखूड केल्यासारखी बोथट असतात. दुसरा क्वचित भेटतो तो युरोपियन फॅन पाम, ज्याचे शास्त्रीय नाव कॅमेरॉप्स ह्युमिलिस आहे आणि ज्याच्या देठाला दोन्ही कडांनी काटे असतात. येथे खरेदीदारांसाठी एक सूचना करावीशी वाटते. एकखोडी पामची चार-पाच रोपे एकाच पिशवीत लावून ते दाट झुडूप म्हणून विकले गेल्याचे मी पाहिले आहे. पिशवीच्या तोंडाशी माती बोटाने सारून पाहिली, आणि प्रत्येक रोप आपापल्या मुळांवर सुटे उभे दिसले, तर ते बेट नव्हे, नुसती गर्दी आहे.

माझा रॅपिस मी निवृत्तीच्या वर्षी आणला, तेव्हा त्याला तीन कांड्या होत्या. घराच्या पूर्वेला, कडुलिंबाच्या सावलीत तो बारा वर्षांत वीस-बावीस कांड्यांचा झाला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी मुलीकडे गेले असताना घरच्यांनी अंगण साफ करायला दोन माणसे बोलावली. परत आले तेव्हा बेट कमरेएवढ्या उंचीला सपाट झाले होते. पंधरा उंच कांड्यांचे शेंडे उडाले होते, आणि ज्या बुटक्या कांड्या त्या उंचीच्या खाली असल्यामुळे वाचल्या होत्या त्यांच्यावरही वरची दोन-दोन पानेच ठेवलेली होती. काम करणाऱ्या मामांना विचारले, तर ते शांतपणे म्हणाले, "बाई, मोकळं केलं की लई जोरात फुटतंय." त्यांनी उभी हयात मेंदी, ड्युरांटा आणि बोगनवेल छाटण्यात घालवली आहे आणि त्या झाडांबद्दल त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे आहे. त्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता. जाताना सांगून गेले नाही, ही चूक माझीच.

हिवाळाभर त्या कापलेल्या कांड्या हिरव्याच दिसत होत्या, त्यामुळे मलाही थोडी आशा वाटत राहिली. संक्रांतीनंतर कापलेल्या तोंडापासून तपकिरी रंग खाली उतरू लागला आणि होळीपर्यंत पंधराही कांड्या वाळल्या. एकीलाही कडेने डोळा फुटला नाही. उरलेल्या बुटक्या कांड्यांवर आधी उंच पानांची सावली असे. ती गेल्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात, पारा 42 अंशांवर गेला तेव्हा, त्यांची राहिलेली दोन पानेही कडेने करपली. नवे कोंब आले ते जमिनीतून, पुढच्या पावसाळ्यात, आणि तेही फक्त चार. माझ्या अंगणात रॅपिसच्या एका कांडीवर वर्षाकाठी जेमतेम तीन-चार नवी पाने येतात. यावरून पंधरा कांड्या जाणे म्हणजे किती वर्षे जाणे, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

मी तीस वर्षे विज्ञान शिकवले आणि एकदल-द्विदल वनस्पतींची आकृती फळ्यावर कितीदा काढली असेल याची गणती नाही, परंतु त्या आकृतीचा अर्थ मला त्या वाळलेल्या कांड्यांनी नीट समजावला. ज्वारीचे वाळलेले ताट आडवे मोडून पाहिले तर आतल्या भेंडात धाग्यांचे ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसतात. पामचे खोड आतून तसेच असते. कडुलिंबाच्या किंवा मेंदीच्या सालीखाली वाढीचा एक पातळ थर असतो. तोच दरवर्षी फांदी जाड करतो आणि कापलेल्या जागेवर कडेने साल चढवून जखम झाकतो. शिवाय त्या झाडांच्या फांद्यांवर झोपलेले डोळे असतात, जे शेंडा गेला की जागे होतात. पामजवळ तो थरही नाही आणि उभ्या खोडावर पुन्हा फुटणारे डोळेही नाहीत. तेलंगणाच्या सीमेकडची शिंदीची जुनी झाडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळा पुरावा नको: रस काढण्यासाठी वर्षानुवर्षे आलटून पालटून दिलेल्या खाचा झाड म्हातारे झाले तरी खोडावर पायऱ्यांसारख्या तशाच असतात, एकही भरून येत नाही. प्रत्येक खोडाची सारी वाढ शेंड्यातल्या एका पोंग्यातून, म्हणजे वाढीच्या कोंबातून, होते. पोंगा कापला की ते खोड संपले; मग त्याला कितीही पाणी घाला.

शेतकरी वाचक येथे उसाचे उदाहरण देतील, आणि ते बरेचसे लागूही पडते. ऊस बुडाशी तोडला की खोडव्याला जमिनीतून फुटवे येतात, तसेच रॅपिसचे नवे कोंब जमिनीखालच्या आडव्या खोडातून येतात. फरक एवढाच की उसाच्या पेरापेरावर डोळा असतो, म्हणून त्याची टिपरी लावली की उगवते. रॅपिसच्या कांडीची टिपरी लावली तर ती कुजते. म्हणजे या पामला उसासारखे वागवायचे ते बुडाशी, वर नाही.

आता खालच्या पानांविषयी. पाम आपल्या जुन्या पानांतले पालाश, म्हणजे पोटॅश, नव्या पानांकडे ओढून घेतो. पालाश कमी पडले की जुन्या पानांवर पिवळे-नारिंगी ठिपके येतात आणि टोके करपू लागतात. असे पान दिसायला वाईट असते, पण झाडाच्या दृष्टीने ती शिदोरी असते. ती काढून घेतली की झाड त्याच्या वरच्या पानातले पालाश ओढते, मग तेही पिवळे पडते, आपण तेही कापतो, आणि शेवटी कांडीच्या टोकावर शेंडीएवढी पाने उरतात. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात पामच्या पोषणावर बरेच काम झाले आहे. पूर्ण वाळलेले पानच काढावे आणि सफाई करायचीच असेल तर आडव्या रेषेच्या वर असलेल्या हिरव्या पानाला हात लावू नये, हा तिकडचा सल्ला आपल्या अंगणातही तितकाच लागू आहे. खताची त्यांची शिफारस मात्र जशीच्या तशी उचलू नये. नत्र 8, स्फुरद 2, पालाश 12 आणि मॅग्नेशियम 4 हे त्यांचे प्रमाण तिकडच्या वाळूमय जमिनीसाठी आहे. आपल्या काळ्या जमिनीत पालाश सहसा पुरेसे असते आणि ते कमी पडते ते कुंडीत किंवा मुरूम भरलेल्या वाफ्यात.

मग बेट दाट होऊन वाटेवर आले, आत कोळ्यांची जाळी साठली, तर करायचे काय? करायची ती विरळणी, आणि ती बुडाशी बसून करायची. मी पाट घेऊन बेटाजवळ बसते, बुडाचे आच्छादन हाताने बाजूला करते आणि सर्वांत जुनी, उंच व खालून उघडी पडलेली कांडी वरपासून खालपर्यंत बोटांनी चाचपत तिचे मूळ ठिकाण गाठते, कारण दाटीत वरची कांडी एक आणि कापली जाते ती खालची दुसरीच, असे सहज होते. मग बारीक दात्यांच्या घडीच्या करवतीने ती मातीलगत कापते. शेजारी नवा कोंब असतो. तो अजून पान न उघडलेला, टोकदार आणि फिकट हिरवा असतो आणि करवतीचा एक धक्काही त्याला पुरतो, म्हणून डाव्या हाताचा तळवा आड धरावा लागतो. कापलेली कांडी हिसका देऊन ओढू नये. तिची पाने इतरांत अडकलेली असतात, ती एकेक सोडवत कांडी फिरवून वर उचलावी. चार-पाच कांड्यांमागे एक, याहून जास्त मी एका वर्षी काढत नाही. बेट तेवढ्यानेही हलके होते, वारा खेळतो आणि आतली धूळ पाण्याच्या फवाऱ्याने धुता येते. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात पानांच्या पाठीवर लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड बसते, तिला हा फवारा बऱ्यापैकी आवरतो.

वाळलेले पान ओढून काढू नये; देठ बोटभर ठेवून कापावा, कारण ओढताना काथ्याची जाळी फाटून खोडाला ओरखडा बसतो आणि पामचा ओरखडा कायमचा असतो, हे वर आलेच आहे. करपलेली टोके कापायची असतील तर कात्री तपकिरी भागातूनच चालवावी आणि दोऱ्याएवढी तपकिरी कड राहू द्यावी. हिरव्यात कात्री शिरली की नवी कड पुन्हा तपकिरी होते. एका घरातून दुसऱ्या घरी जाणारी करवत स्पिरिटने पुसून घ्यावी, कारण पामच्या काही मर रोगांची बुरशी हत्यारांवरून पसरते. कापलेल्या तोंडाला रंग, गेरू किंवा डांबर फासण्याने काही साधत नाही. अंगणात नारळ असेल तर त्याच्या हिरव्या झावळ्यांवरही उगाच कोयता चालवू नये. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो.

युरोपियन फॅन पामविषयी थोडे लिहिते, कारण त्याची ओळख आपल्याकडे कमी आहे. हा स्पेन, पोर्तुगाल, सिसिली, मोरोक्को, अल्जीरिया अशा भूमध्य समुद्राच्या पश्चिम काठावरचा पाम. तिकडे त्याच्या पानांचे झाडू आणि टोपल्या करतात, जसा आपल्याकडे शिंदीचा फडा. डोंगराला वणवा लागला की वरची खोडे जळतात, पण जमिनीखालचे खोड पुन्हा फुटते. बेट करण्याची त्याची सवय त्याच्या फार कामाची आहे. इटलीतील पादुआच्या वनस्पती उद्यानात 1585 मध्ये लावलेला याचा एक पाम आजही जिवंत आहे, आणि जर्मन महाकवी गटे यांनी 1786 मध्ये तो पाहिला म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जातो. चारशेहून अधिक वर्षे जगू शकणारे झाड आपण अर्ध्या तासात सपाट करतो, असा विचार माझ्या मनात येतो खरा; पण तो सोडून व्यवहाराचे बोलू. याला रॅपिसच्या उलट भरपूर ऊन लागते, उन्हाळ्यातला कोरडेपणा आणि चुनखडीही तो सोसतो. परंतु त्याच्या मायदेशी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. आपला पाऊस नेमका उबदार महिन्यांत येतो आणि काळ्या जमिनीत पाणी साचते, तेच त्याला मानवत नाही. म्हणून तो मुरूम मिसळलेल्या उंचवट्यावर, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर लावावा. काट्यांमुळे त्याची पाने काढताना चामडी हातमोजे वापरावेत आणि लहान मुले खेळतात तेथे तो लावूच नये.

रॅपिसला सावली हवी, कारण तो मूळचा दक्षिण चीनकडचा, दुसऱ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. घराच्या पश्चिमेच्या भिंतीलगत मे महिन्यात जी धग असते तिच्यात तो टिकत नाही. पूर्व किंवा उत्तर बाजू, नाहीतर निम्मी सावली देणारी हिरवी शेडनेट हवी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते तेव्हा त्याची बारीक मुळे तुटतात आणि पावसाळ्यात चिबडते तेव्हा ती गुदमरतात. दोन फूट लांब-रुंद खड्डा घेऊन मातीत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळावे, रोप पिशवीत होते त्याच पातळीला लावावे, खोल पुरू नये, आणि बुडाशी उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट अंथरावे. एवढे केले की वर्षभराचे निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे पाण्याचे आहे. मराठवाड्यात पाण्याचा विषय निघाला की वाद नको वाटतो. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे विसरलेला माणूस येथे सापडणार नाही. त्यामुळे घरातले वापरलेले पाणी झाडांना घालण्याची आपली सवय चांगलीच आहे, परंतु रॅपिसला कोणते पाणी चालते हे पाहिले पाहिजे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणी मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षारांचे असते. कूलरच्या टाकीत उरलेले पाणीही तसेच, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. टाकीच्या कडेला बसलेला पांढरा थर त्याचीच साक्ष आहे. ही दोन्ही पाणी कुंडीतल्या रॅपिसला रोज मिळाली की पानांची टोके करपतात आणि आपण ऊन लागले म्हणून पाणी आणखी वाढवतो. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र जवळजवळ क्षारविरहित असते, आणि पत्र्यावरून पिंपात धरलेले पावसाचे पाणी तर सर्वांत उत्तम. पावसाळ्यात कुंड्या दोन-तीन चांगल्या सरींखाली उघड्यावर ठेवल्या तर वर्षभर साठलेले क्षार धुऊन जातात.

जुन्या पानांचा पिवळेपणा पालाशचा असू शकतो हे सांगितले. नवे पान पिवळे आणि त्याच्या शिरा हिरव्या असतील तर तो केवडा आहे. उसावर येतो तोच, आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही म्हणून येणारा. त्यावर युरिया टाकून उपयोग नाही. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस मिसळून, आधी एका पानावर करून पाहून, सकाळी फवारावे. किंवा कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मागावे आणि ते ईडीडीएचए प्रकारचे आहे का हे पुडीवर वाचून घ्यावे, कारण ईडीटीए प्रकारचे लोह चुनखडीच्या जमिनीत टिकत नाही.

बेट वाटून नवे रोप करायचे असेल तर जुलैचा पहिला पंधरवडा बरा. कडेच्या तीन-चार कांड्यांचा, स्वतःची मुळे असलेला गट कुदळीने मोकळा करून धारदार करवतीने सुटा करावा आणि दिवाळीपर्यंत दाट सावलीत ठेवावा. एकटी कांडी सहसा जगत नाही. माझ्या बेटातून असे दोन गट शेजारी गेले आहेत, त्यामुळे माझ्याकडचे जे गेले त्यातले थोडे शेजारच्या कुंपणापलीकडे दिसते.

ते मामा गेल्या जूनमध्ये पुन्हा आले होते. वाळलेल्या पंधरांपैकी चौदा कांड्या मी तोवर बुडाशी काढल्या होत्या. एक मुद्दाम ठेवली आहे, तिला वरून कापलेले तोंड अजून जसेच्या तसे आहे. त्यांनी ती बोटाने वाजवून पाहिली, पोकळ आवाज आला, आणि मग बाजूच्या नव्या कोंबाकडे बोट दाखवून "याला कधी हात लावायचा?" असे विचारले. त्याला अजून सहा-सात वर्षे तरी हात लावायचा नाही, असे मी सांगितले.

संपादक महोदय, आपल्या पुरवणीतील टिपण कापून भिंतीवर लावणारी घरे आमच्या कॉलनीतच तीन-चार आहेत. तेव्हा पामची झुडपे वरून छाटू नयेत, हिरवी पाने ठेवावीत आणि जुन्या कांड्या बुडाशी काढाव्यात, एवढी दुरुस्ती येत्या रविवारी त्याच जागी, जमल्यास तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, प्रसिद्ध करावी ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, परभणी